मेहरोत्रासाहेब आणि खालचा खडक

मूर्ख साहेबाची बदली होते, पण त्याचे किस्से ऑफिसातच राहतात. आमच्या इंदरगंजच्या ऑफिसात एकट्या मेहरोत्रासाहेबांनी इतके जमवून ठेवले, की आजही आम्ही जुने लोक भेटलो की चहा निवतो, किस्से संपत नाहीत.

आमची छोटी कंपनी तेलाच्या विहिरींसाठी खडकाची गणितं करायची. तेल उपसलं की खडकाच्या छिद्रांतला दाब उतरतो आणि वरचं सगळं ओझं दगडाच्या कणांवर येतं. खडक चेपतो, वरची जमीन खचते, विहिरीचे पाइप वाकतात. हे आधी सांगणं आमचं काम. मग एका मोठ्या कंपनीने आम्हाला आपल्यात विलीन करून घेतलं आणि मेहरोत्रा वरून आले.

पहिल्याच दिवशी आमचे सीनियर जगदाळेकाका त्यांना हे सगळं समजावत बसले. घराणं पिढीजात लढवय्यांचं, पण काकांचा आवाज कधी चढायचा नाही. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेल निकल गया, फिर पत्थर की क्या चिंता? ख़ाली गोदाम पर चौकीदार कौन बिठाता है?"

*

महिन्याभरात पुनर्रचना झाली. आम्हाला बांधकाम विभागात घातलं. फाइलवर कारण होतं, दोन्हीकडे दगडच. पीएच.डी. झालेल्या काकांच्या टेबलावर पहिली तक्रार आली ती बाथरूमच्या फरशीची. काका बघून आले आणि शेरा लिहिला, "फरशी खचली आहे. खाली तेल नाही."

*

एका जुन्या तेलक्षेत्रातली जमीन वीतभर खचल्याचं मोजणीत निघालं. साहेबांनी सर्वेयर बदलला. नव्याचंही माप तेच. अहवाल मी लिहीत होते, मग मला बोलावलं. "देखिए मॅडम, 'ज़मीन बैठ गई' अच्छा नहीं लगता. लिखिए, ज़मीन स्थिर हो रही है."

मी नाही म्हटलं. माझं टेबल जिन्याखाली गेलं. दौलतगंजला घरी येऊन सांगितलं, तर आई म्हणाली, "तिथे पंखा तरी आहे ना?"

*

त्याच क्षेत्रात नवी विहीर खणायची ठरली. खणताना आतला दाब तोलून धरायला विहिरीत चिखलाचं जड पाणी भरतात. काकांनी खणणाऱ्यांसाठी पत्र लिहिलं, दाब घटलेला खडक आता लवकर फाटेल, चिखल हलका ठेवा. साहेबांनी समासात लिहिलं, "अनावश्यक. पत्र न भेजा जाए." आणि सही ठोकली. जुन्या विहिरीचेच, जड चिखलाचे आकडे पाठवले.

खडक फाटला. चिखल भेगांत उतरला, विहिरीतलं ओझं कमी झालं आणि वरच्या थरातला गॅस विहिरीत घुसला. माणसं पळाली म्हणून वाचली. एका ड्रिलरचा पाय मात्र मोडला. साहेबांनी वर कळवलं, जगदाळेंनी सावधच केलं नाही. काकांची नोकरी जायची वेळ आली. त्या दिवसांत ते जेवणाचा डबा न उघडता परत न्यायचे.

चौकशीच्या दिवशी मी ते पत्र फाइलीतून काढून समितीपुढे ठेवलं. अध्यक्षांनी साहेबांना विचारलं, "ये दस्तख़त आपके हैं?"

साहेब म्हणाले, "हैं. पर दबाव में किए थे."

अध्यक्षांनी काकांकडे पाहिलं. काका उठून उभे राहिले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "दबाव तो घट गया था, साहब. चिट्ठी में वही लिखा है."