चुनखडीच्या माळावरचा खड्डा
चूक माझीच होती, आणि ती मी निव्वळ उन्हाच्या कंटाळ्याने केली. परवा फरशीवर अ‍ॅसिड सांडून फेस आला आणि त्या उग्र वासाने राजुऱ्याकडचा गुरं चारायचा माळ आठवला. नव्वदच्या दशकाअखेर तिथे झाडं लावण्याआधी माती तपासायला वनखात्याने मला पाठवलं होतं. वर चढायचं टाळून मी खाली नाल्याजवळ एकच खड्डा खणला आणि सगळ्या माळाची माती कमरेइतकी खोल, असं लिहून टाकलं. "भाऊ, वर काऊन नाई खणत? इथी वाहून आलेली माती हाये. वर वीतभर खाली चुनखडीच लागते," तिथला गुराखी म्हणाला. "तू तुझ्या गाई पाहा," मी म्हणालो. माझ्या अहवालावर माळाची चराई बंद झाली, रोपं लागली. पुढच्या उन्हाळ्यात मी वर चढलो. रोपं पिवळी पडून वाळली होती. खड्यांवर अ‍ॅसिडचे थेंब टाकताच फेस उसळला; चुनखडीच होती. कुंपणाबाहेर त्या गुराख्याच्या गाई उभ्या होत्या, बरगड्या वर आलेल्या. "चारा नाई, दोन विकाव्या लागल्या," तो म्हणाला. मी मान खाली घालून परतलो. काल मात्र त्याच्या दारात जाऊन म्हणालो, "भाऊ, तुमचं खरं होतं. मी वर चढलोच नव्हतो. मले माफ करा."