मावशीचा डावा हात

रोटीवाल्या मावशीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत केस नव्हते. चुलीच्या धगीने ते कधीच जळून गेले होते. कळंबला आमच्या घराला लागूनच तिचं घर. मोहल्ल्यात लग्न असो की बारसं, लांब रोट्या मावशीच्याच. सैल कणीक परातीत आपटून आपटून ती इतकी लवचीक करायची, की गोळा हातावर घेताच लोंबू लागे. या हातावरून त्या हातावर झुलवत ती रोटी लांबवायची आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अलगद टाकायची. कुणी कौतुक केलं, तर म्हणायची, "हे हाताचं काम हाय बाप्पा. यात डोक्शाचं काय?"

करोना ओसरल्यानंतरची गोष्ट. एका लग्नघरी मावशी कणीक आपटत होती आणि डावा हात परातीत तसाच पडून राहिला. "हात झोपला वाटते," ती म्हणाली, पण बोलताना तोंड वाकडं झालं. सून सविता सोबत होती, तिने लगेच गाडी करून तिला यवतमाळला नेलं. लकवा होता. वेळेत पोचल्याने जीव वाचला, महिनाभरात पायही चालू लागला. डावा हात मात्र मांडीवर उचलून ठेवावा लागायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

तेव्हा मी घरूनच नोकरी करत होते, म्हणून दवाखान्यात हाताच्या व्यायामाला तिला मीच घेऊन जायची. तिथल्या मॅडम तरुण होत्या, न कंटाळता समजावायच्या. "मावशी, हात चांगला आहे. हात चालवणारा मेंदूचा भाग दुखावलाय. आजूबाजूचे भाग ते काम शिकतात, पण तुम्ही हात वापरला तरच."

मावशीने जरा विचार केला. "म्हंजे शेजारीण सैपाकाले आली म्हणा. तिले डबे कोठी हायत ते दाखवा लागन."

"अगदी तसंच," मॅडम हसल्या.

एकदा त्यांनी टेबलावर आरसा उभा केला. डावा हात आरशामागे, उजवा पुढे. उजव्याची मूठ उघडली की आरशात डावाच उघडल्यासारखा दिसे. मावशी बराच वेळ पाहत राहिली. "खोटं हाय हे," म्हणाली, पण नजर हलवेना. घरी आल्यावर तिने कपाटाचा आरसा काढायला लावला.

त्याहून अवघड होतं ते उजवा हात ओढणीने बांधून ठेवणं. रोज थोडा वेळ डाव्यानेच सगळं करायचं. भात सांडायचा, पाणी अंगावर यायचं. सविताला बघवेना, तिने घास भरवायला हात पुढे केला, तर मावशी ओरडली, "नोको भरवू! तू भरवशीन तं हा कवा शिकन?" मग तोंड फिरवून रडली. सविता ओसरीत जाऊन बसली, मी तिच्याशेजारी. आत वाटी घरंगळल्याचा आवाज आला, पण आम्ही उठलो नाही.

आधी अंगठा हलला. पावसाळा सरता सरता मुठीत कणीक दाबता येऊ लागली. दिवाळीनंतर एका रविवारी मावशीने मडकं चुलीवर चढवायला सांगितलं. गोळा उजव्या हातावर छान लोंबला, डाव्यावर येताना फाटला आणि राखेत पडला. दुसराही फाटला. तिसरा तिने घेतलाच नाही. "हात आला," ती शांतपणे म्हणाली, "पण रोटीचा नाही आला." उरलेल्या कणकेच्या तिने तव्यावर जाड, वेड्यावाकड्या पोळ्या केल्या. आम्ही तिघींनी वांग्याच्या भाजीशी त्या खाल्ल्या.

पुढे ऑफिसने मला नागपूरला बोलावलं. निघायच्या सकाळी मावशी कंगवा घेऊन आली. "बस खाली. वेणी घालून देतो."

चाळिशीची बाई मी, पायरीवर तिच्या पुढ्यात बसले. उजव्या हाताचे पेड भराभर पडत होते, डाव्याचा पेड सारखा निसटत होता. ती पुन्हा धरायची. मानेवर तिची बोटं चाचपडताना जाणवत होती. माझी पहिली बस गेली. तिला ते कळलं, मलाही. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

"सैल हाय," शेवटी ती म्हणाली. "रस्त्यानं सुटन."

त्याच हिवाळ्यात दुसरा झटका आला आणि मावशी गेली. ती वेणी हीच आमची शेवटची भेट. त्या दिवशी नागपूर येईपर्यंत मी सीटला डोकं टेकवलं नव्हतं.