म्हादूनं न पाहिलेला कागद

हळदीच्या पेढीवर हळदीपेक्षा किस्से जास्त साठतात. जमिनीखालच्या पेवातली हळद भाव आला की उपसून विकता येते. किस्से मात्र पडून राहतात आणि वाढतात. माल भरेपर्यंत लॉरीवाले आमच्या सांगलीच्या पेढीवर चहा पीत बसायचे, आणि कुठूनही सुरू झालेल्या गप्पा म्हादूवर यायच्या.

म्हादू माझा ड्रायव्हर, कवठे महांकाळकडचा. लढाईत मिलिटरीच्या गाड्या हाकून परत आलेला. गाडीची नोंद झालीय का, हे ड्रायव्हरनं स्वतः बघायचं आणि मगच आत पाय ठेवायचा, हे पलटणीतल्या हवालदारानं त्याच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. गड्याला अक्षर येत नव्हतं. नोंदीचा कागद नंबराच्या पाटीला लावून तो एकेक आकडा बोटानं जुळवायचा.

*

एकदा पेंटरनं पाटी नव्यानं रंगवली. लॉरी भरली, दोर आवळले, आणि हा खाली बसून राहिला. काय झालं विचारलं, तर म्हणाला, "कागदावरच्या तिनाचं तोंड उघडं हाय, पाटीवरच्याचं मिटलंय."

पेंटरनं इंग्रजी तिनाचा आठ केला होता. पेंटर सापडून तिनाचं तोंड उघडेपर्यंत दुपार झाली!

*

माझे मेहुणे नवी मोटार घेऊन आले. म्हादूनं हाकायला बसण्याआधी कागद मागितला. याला वाचता येत नाही हे मेहुण्यांना ठाऊक, म्हणून त्यांनी रुबाबात टायरची पावती पुढं केली. म्हादूनं ती पाटीला लावली, उलटी करून लावली, आणि अदबीनं परत दिली.

"पावनं, ह्यो दुसऱ्या गाडीचा आला वाटतं."

*

माधवनगरला एका मित्राच्या मुलीचं लग्न होतं. तेव्हा संस्थानं होती; सांगलीतून तिथं जायचं तर हद्द ओलांडावी लागे. वऱ्हाडासाठी मागून आणलेल्या गाडीची नोंद पलीकडं चालणारी नव्हती. म्हादूनं हद्दीवर गाडी थांबवून नवरदेवासकट सगळ्यांना उतरवलं. वरबाप लय तापले. माझा मित्र मात्र मांडवाच्या दारात म्हणाला, "जावई चालत आला. आता पोरीला म्हणता येईल, पायानं धड आहे."

*

हे सगळं हसून सांगण्यासारखं. पुढचं सांगताना चहा निवतो.

म्हादूची आई अखेरच्या घटका मोजत होती. निरोप पेढीवर आला तेव्हा दारात एका ठेकेदाराची मिलिटरी लिलावातली ट्रक उभी होती. ठेकेदार भला माणूस. आपण होऊन म्हणाला, घेऊन जा. म्हादू ट्रकच्या पुढं गेला, मागं गेला. मग त्यानं आमच्या दिवाणजींची सायकल घेतली.

तो पोचला तेव्हा माणसं तिला जाळून परतत होती.

तेराव्याला मी गेलो. म्हादूच म्हणाला, "नंबर न्हवता, शेट."

*

संस्थानं विलीन झाली त्या साली मीही लिलावातली एक लॉरी घेतली. नोंदीचा अर्ज कचेरीत पडून होता. साताऱ्याचा व्यापारी हळदीसाठी घाई करत होता. आज माल नाही पोचला तर दुसऱ्याकडून घेईन म्हणाला. मी लॉरी भरली आणि म्हादूला सांगितलं, नोंद झाली, नंबर पाटीवर आहे, कागद तेवढा उद्या हातात येईल. पाटीवरचा नंबर मीच अंदाजानं घालून घेतला होता.

त्यानं एकदाच विचारलं, "झालीया न्हवं?"

मी म्हणालो, "झाली."

साताऱ्याच्या नाक्यावर लॉरी धरली. खटला उभा राहिला. मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, नोंद झालेली आहे की नाही हे बघणं कुणाचं काम? म्हादू म्हणाला, माझं. साहेबांनी पुढं विचारलं, मालकानं तुला काही सांगितलं होतं का?

म्हादूनं मागं वळून पाहिलं नाही.

"न्हाई, सायब. मी इचारलंच न्हाई."

मी उठायला हवं होतं. टोपी हातात धरून बसून राहिलो.

त्याचं लायसन गेलं. बाहेर आल्यावर त्यानं फडक्यात गुंडाळलेलं लॉरी सुरू करायचं हँडल माझ्या हातात दिलं.

"आवं शेट, कागद आल्याबिगर दुसऱ्या कुनाला बसवू नगासा. गरीब असंल कुनी."