बारा-सातची लागण

तारीख सोळा नोव्हेंबर. प्रोग्रामचे ठरलेले चार हजार रुपये. हजर तिघे: मी, सभासदांच्या उसाची तोडणी लावणाऱ्या आमच्या बावड्याच्या छोट्या संस्थेचे सचिव, आणि तोडीच्या छापील यादीची घडी मुठीत धरून आलेले शेजारचे तात्या. गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा बारामतीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात प्रोग्राम लिहायचो.

ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी, असा नियम. वहीतल्या २१४ नोंदी मी जशाच्या तशा कॉम्प्युटरमध्ये चढवल्या होत्या आणि त्या मजकुराच्या तारखा करून क्रम लावायचं काम प्रोग्रामवर सोपवलं होतं. तात्यांचा नंबर आला २०९.

"डिसेंबरात लागण?" तात्या म्हणाले. "अरं, गेल्या साली बेंदराच्या आधी चार दिवस कांडी टाकली मी. बैलांना विचार. ऊस आत्ता गेला तर मागं गहू साधतो, न्हायतर वरीसभर दळण इकत आणू का?"

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, तात्या," सचिव म्हणाले.

"मग त्याला म्हणावं, शेतावर ये."

वहीत तात्यांच्या नावापुढे १२-७ होतं. बारा जुलै. पडद्यावर सात डिसेंबर. त्यांच्या खालची नोंद १५-७ ची, ती मात्र बरोबर. मी बोट ठेवून एकेक ओळ ताडली आणि पाऊण तासानं उमगलं. ती प्रोग्रामिंगची भाषा पहिला आकडा महिना धरायची; तो बाराच्या वर गेला, की गुपचूप दिवस धरायची. ना तक्रार, ना सूचना. चुकलेल्या नोंदी निघाल्या ७९.

त्यातली एक आमच्या घरची होती. २-८ ची आठ फेब्रुवारी झाली होती आणि आमचा नंबर चौथा लागला होता.

"घरचा नंबर जातोय, बघ हां," सचिव हळूच म्हणाले.

मी मजकूर तोडून दिवस, महिना, वर्ष वेगळं केलं आणि कुठला आकडा काय, ते प्रोग्रामला स्पष्ट सांगितलं. तात्या तेविसावे आले, आम्ही एकशे एकतिसावे.

वडील ओट्यावर विळ्याला धार लावत होते.

"चौथा नंबर दिला तवा यंत्र शहाणं व्हतं. आज बिघडलं व्हय?"

"यंत्र तेच हाय, आबा. मीच चुकलो होतो."

त्यांनी विळा पुन्हा दगडावर करकर घासला. मग म्हणाले, "तात्याला तूच जाऊन सांग. च्या तितंच मिळंल तुला. हितं न्हाय."

आता माझी मुलगी हेच काम एका ओळीत करते. तारीख कशी लिहिली आहे ते त्या ओळीतच सांगावं लागतं. जुळली नाही, तर प्रोग्राम थांबतो. तिचं काम बघताना मला तेव्हा यादी छापणाऱ्या रिबनवाल्या छपाईयंत्राची करकर ऐकू येते, आणि वडिलांच्या विळ्याचीही. वडील आणि तात्या, दोघंही आता नाहीत.

तात्यांचा ऊस आठवड्यात गेला, डिसेंबर लागायच्या आत गहू पेरून झाला. आमचा फेब्रुवारीत तुटला. दुसऱ्यांदा यादी छापायला लागलेला कागद आणि रिबन यांचे एकशे पंच्याऐंशी रुपये मी संस्थेला लावले नाहीत. ते बारामतीच्या स्टेशनरीवाल्याला माझ्या खिशातून दिले.