सहीच्या वरची मोकळी जागा

महाडमधल्या एका संस्थेचा मी अकरा वर्षं कार्यवाह होतो. अध्यक्ष माझे बालमित्र. आमच्या सभेची रीत अशी, की चहा येईपर्यंत इतिवृत्ताच्या वहीत पानाच्या तळाशी सगळ्यांनी सह्या करायच्या. वरचे ठराव मी नंतर घरी, सुवाच्य अक्षरात लिहायचो. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे.

जवळच्या नाते गावातल्या शाळेत शिकवणारी माझी एक जुनी विद्यार्थिनीही पुढे सभासद म्हणून त्या वहीत सही करू लागली. तिनं शाळांसाठी हजेरी आणि निकालपत्रकांची संगणकप्रणाली बनवली होती. कुणीही फुकट घ्यावी, हवी तशी बदलावी. मुंबईतले काही लोक त्या कामाला देणगी द्यायला तयार होते, पण त्यांना प्राप्तिकरात सवलत मिळेल अशी पावती हवी होती. ती एकट्या माणसाला देता येत नाही. आमच्या संस्थेला येत होती. मीच तिला म्हटलं, "आमच्याकडे ये. काम तुझं, पावती आमची."

"आणि प्रणाली, सर?"

"तुझीच. म्हणजे सगळ्यांची."

वर्षभरानं अध्यक्ष घरी आले. "तिची प्रणाली संस्थेच्या मालकीची, असा ठराव मागच्या सभेत घाल."

"असं बोलणं कुठं झालं?"

"अरे, सवलतीसाठी लागतो. नुसता कागद हाय. तुझं अक्षर चांगलं म्हणून तुला त्रास."

मी लिहिला. तिच्या सहीच्या वर जागा होतीच.

त्या ठरावाच्या जोरावर अध्यक्षांनी प्रणाली एका कंपनीला देऊन टाकली. कंपनीनं नवी आवृत्ती कुलूपबंद केली. शिवथरहून एका गुरुजींचा फोन आला, "आता पैसे भरल्याबिगर निकाल निघत नाय. फुकट हाय म्हणून तुम्हीच सांगितलंत ना?"

मग ती त्या पानाची झेरॉक्स घेऊन आली. "सर, सही माझी. वरचं अक्षर कुणाचं?"

"आठवत नाही," मी म्हणालो.

तिनं कागदाची घडी घातली, चहा संपवला आणि निघाली. एरवी 'येते सर' म्हणायची.

मित्रानं फसवलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. फसवलंच त्यानं. पण सवलतीचा अर्ज मीच भरलेला होता. असा ठराव लागत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याला नाही म्हणणं जड गेलं, एवढंच.

त्या सभेत मालकीचा विषय निघाला नव्हता. अक्षर माझं आहे. हा कागद तिच्याकडे देतो आहे, तिला कोर्टात लावता यावा म्हणून. सही मजकुराला लागून केली आहे, मध्ये जागा सोडलेली नाही.