वीर ते महाड, कितीही वेळा

"विमानाचा पास?" दत्तारामने आरशातून मागे पाहिलं. "म्हंजे एसटीचा असतो तसा?"

"तसाच. वर्षाचे पैसे एकदम भरायचे आणि वर्षभर कितीही वेळा उडायचं."

मागे बसलेला ओंकार मुंबईला एका विमान कंपनीत नोकरीला होता, तिकिटांचे दर ठरवणाऱ्या खात्यात. रायगड बघायला म्हणून सकाळच्या गाडीने वीर स्टेशनला उतरला आणि दत्तारामच्या रिक्षात बसला. महाड येईपर्यंत बोलायला अर्धा तास होता, आणि दत्तारामला गप्प बसणं कधीच जमलेलं नव्हतं.

"आन् परवडतं कंपनीला?"

"तोच तर खेळ आहे, काका. पास घेताना माणूस म्हणतो, दर आठवड्याला जाईन. प्रत्यक्षात जातो वर्षातून पाच वेळा. सुट्टी मिळत नाही, बायको नको म्हणते, पोरांच्या परीक्षा येतात. आम्ही किंमत लावतो ती विमानाची नाही, माणसाच्या आळसाची लावतो."

"आणि एखादा खरंच रोज उडाला तर?"

"होता म्हणे असा एक, परदेशात. आमच्या ऑफिसात त्याची गोष्ट सांगतात. जेवायला एका शहरात, झोपायला दुसऱ्यात. कंपनी मेटाकुटीला आली. शेवटी अटींमध्ये कुठेतरी बोट ठेवलं आणि त्याचा पास रद्द केला."

दासगावच्या वळणावर दत्तारामने ब्रेकच दाबला. "अरे, पण त्याने पैसे भरले होते ना? कितीही म्हटलं तर कितीही! दिलेला शब्द असा मागं घेतात काय?"

ओंकार हसला. "शब्द नसतो काका, अटी असतात."

तो महाडला उतरून गेला, पण पास काही दत्तारामच्या डोक्यातून उतरला नाही.

त्याला कारण होतं. वीरला गाडी आली की सहा उतारू उतरायचे आणि दहा रिक्षावाले त्यांच्यावर झडप घालायचे. दोन वर्षं हे चाललं होतं. मेहुणा कळंबोलीला एका गोदामावर सुपरवायझर होता. त्याने तिथे वॉचमनची जागा धरून ठेवली होती, एक मार्चपासून. खोलीत पाच जण, घरी यायचं पंधरा दिवसांतून एकदा. दत्तारामने असलं आयुष्य आधी काढलेलं होतं. आम्रपाली जन्मली तेव्हापासून ती पाचवीत जाईपर्यंत तो घाटकोपरला गोदामात होता. लेकीचं पहिलं पाऊल, पहिला दात, शाळेचा पहिला दिवस, सगळं त्याने फोटोत बघितलं. आता ती अकरावीला होती, महाडला कॉलेजात जात होती, आणि रात्री भाकरी खाताना बापाशी वाद घालत होती. ते सोडून परत गोदामावर जायचं नव्हतं त्याला.

"महिन्याचा पास काढतो," त्याने दासगावला घरी गेल्यावर बायकोला, मंजुळाला सांगितलं. "दीड हजार. वीर ते महाड, मधी दासगाव. कितीही वेळा."

मंजुळा अंगणवाडीत मदतनीस. तीस पोरांची खिचडी मापाने शिजवणारी बाई, हिशेबात तिला कोण फसवणार? "रोज जाणारा चाळीस अन् चाळीस ऐंशी देतो. पंचवीस दिवस धरले तरी दोन हजार. म्हंजे पाचशे तुम्ही सोडताय."

"पण तो रोज माझ्याच रिक्षात बसेल की. आत्ता दहा रिक्षांत वाटला जातो."

"आणि दोनदाच्या जागी दहादा आला तर?"

"कशाला येईल? कामाबिगर महाडला कोण जातं, गो?"

मंजुळाने खांदे उडवले. "फेब्रुवारीचा एक महिना बघा. नाय जमलं तर भावाला शब्द देऊन टाका."

झेरॉक्सच्या दुकानातून पिवळी कार्डं छापून, वर प्लॅस्टिक चढवून आणली. पहिल्या दोन दिवसांत चार पास गेले. तिसऱ्या दिवशी सगुणाबाई आल्या.

सगुणाबाई मूळच्या पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या वाडीतल्या. घरवाला गेला, गुडघे गेले, तेव्हा शेवटची म्हैस विकून त्या वीरला लेकीकडे, माधुरीकडे येऊन राहिल्या होत्या. सत्तरीला टेकलेल्या, अंगाने काडी, हातात काठी. कार्ड त्यांनी उलटंपालटं करून बघितलं.

"ह्यात काय लिवलंय?"

"कितीही वेळा, मावशी."

"आन् महाडला उतरलंच नाय तर चालंल?"

दत्ताराम हसला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या मागच्या सीटवर उजव्या कोपऱ्यात बसल्या. महाड आलं, सगळे उतरले, सगुणाबाई बसूनच. वीर आलं, बसून. दुपारी जेवायला घरी गेल्या आणि तीनला परत हजर. दिवसाला पाच फेऱ्या, कधी सहा.

"मावशी, कंटाळा नाय येत?"

"कसला कंटाळा! जन्मभर दूध घेऊन खाली उतरली, बाजार घेऊन वर चढली. दोन तास खाली, तीन तास वर, पावसात त्याहून जास्ती. हे पाय रे, ह्यांनी मला लय वाहिलं. आता मी त्यांस्नी जरा फिरवून आणते."

संध्याकाळी उतरताना त्या रिक्षाच्या पत्र्यावर, म्हशीच्या पाठीवर थापटावं तसं थापटायच्या. "उपकार झाले रे बाबा." दत्तारामलाही म्हणायच्या आणि रिक्षालाही. कधी पदरात रताळ्यासारखी उकडलेली कणगरं असायची, ती शेजारी बसेल त्याच्या हातावर ठेवायच्या.

स्टँडवर मात्र करमणूक सुरू झाली. पुढच्या नंबरचा रिक्षावाला राहुल तर वाटच बघत असायचा. "काय दत्तादा, म्हातारी सीटला शिवून घेतलीस काय?" "दत्तादा, आता आजीचं नाव आरसी बुकात चढव!"

दत्ताराम हसण्यावारी न्यायचा. पंधरा तारखेपर्यंत अकरा पास झाले, तेव्हा तर त्याला वाटलं, आपल्या पिवळ्या कार्डाची कीर्ती पसरली. पण मागे तीनच माणसं बसतात, आणि त्यातला एक कोपरा दिवसभर भरलेला. एका सकाळी नवराबायको आणि म्हातारे वडील असे तिघं आले. जागा दोनच. ते राहुलच्या रिक्षात बसले आणि राहुलने जाताजाता मुद्दाम हॉर्न दिला. त्याच दुपारी मेहुण्याचा फोन आला. "दाजी, वीस तारखेपर्यंत हो का नाय ते सांगा. दुसरा माणूस तयार हाय."

दोन दिवस दत्ताराम मनात आकडे मांडत राहिला. आकडे दर वेळी त्या उजव्या कोपऱ्यात येऊन बसायचे. अठरा तारखेला वीरला शेवटच्या फेरीचे उतारू गेल्यावर त्याने खिशातून पैसे काढले.

"मावशी, एक बोलायचं होतं. हा पास कसा हाय, रोज कामाला जाणाऱ्यांसाठी हाय. तुमचं तसं काम नसतं…"

"असं कुठं लिवलंय?" सगुणाबाईंनी विचारलं. रागाने नाही. वाचता येत नव्हतं म्हणून खरंच विचारलं.

दत्तारामने दीड हजार पुढे केले. त्यांनी ते घेतले, आणि त्यातली पाचशेची एक नोट परत त्याच्या हातात कोंबली.

"एवढे दिवस बसली की मी. त्याचं ठेव. तुझं नुकसान करून मला कुठं जायाचंय? मिळालं तेवढं लय झालं रे. सुखी ऱ्हा."

पत्र्यावर थाप मारून त्या काठी टेकत गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी मंजुळाने सगळं ऐकून घेतलं. पोरीच्या ताटात भाजी वाढता वाढता एवढंच म्हणाली, "त्या विमानवाल्यांना तर लय नावं ठेवत होतात."

दुसऱ्या दिवशी कोपरा रिकामा झाला आणि दिवसात दोनशे रुपये जास्त आले. मेहुण्याला फोन करायचा होता तो त्याने उद्यावर टाकला. वीस तारखेला दिवेलागणीला तो महाडच्या स्टँडवर उभा होता. निशा आली. मेडिकलच्या दुकानात कामाला जाणारी, वीरची पोरगी, पासवाली. आत वाकून बघितलं आणि बाहेरच थांबली.

"काका, आजी कुठायत? कालपण नव्हत्या."

"आजींचा पास बंद केला."

"आजारी आहेत?"

"नाय गो. जागा अडत होती."

"तुम्ही बंद केलात?"

"अगं, दिवसभर बसायच्या. धंदा कसा करायचा मी?"

"काका, मी पास कधी काढला आठवतंय? दहा तारखेला. माझ्याबरोबर येणाऱ्या त्या दोघी बहिणींनी कधी काढला? आठ तारखेला. का काढला विचारा."

"का?"

"आजी असतात म्हणून. संध्याकाळी कोणीही येऊन शेजारी बसतो, खेटून बसतो. आजी मध्ये सरकायच्या आणि काठी आडवी टाकायच्या. एकाला तर म्हणाल्या, 'बाबा रे, माझी म्हस लाथ मारायची, मी तिच्याकडूनच शिकली.' तो दासगावलाच उतरला." सांगताना निशाला हसू आलं, पण लगेच विरलं. "आई रोज फोन करायची, कुठे पोचलीस, कोण आहे बरोबर. आजी आहेत म्हटलं की फोन ठेवून द्यायची."

"मी असतो की."

"तुम्ही चांगलेच आहात, काका. पण तुमचं तोंड पुढे असतं."

ती बसली, पण एका कडेला, पर्स मांडीवर घट्ट धरून. वाटेत दोन पुरुष चढले. दत्तारामने इतक्या वर्षांत पहिल्यांदा रस्त्यापेक्षा आरशात जास्त बघितलं. आणि मग त्याला आम्रपाली आठवली. दुपारच्या फेरीला तीही त्याच सीटवर, सगुणाबाईंच्या शेजारी बसून यायची. ते त्याने कधी आकड्यांत धरलंच नव्हतं. चार पास कार्डाने खपले होते. पुढचे सहा म्हातारीने खपवले होते, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

सकाळी पहिली गाडी सोडून तो माधुरीच्या दारात गेला. सगुणाबाई पडवीत वाल सोलत बसल्या होत्या.

"तीन दिवस हितंच हाय," माधुरी आतून म्हणाली. "म्हणते, पाय दुखतात. बसून बसून पाय दुखतात म्हणे!"

दत्ताराम पायरीवर टेकला. "मावशी, चुकलो मी. चला परत."

"तुझं नुकसान?"

"नुकसान तुम्ही नसल्यावर होतंय. पोरी तुमच्यामुळे येतात माझ्या रिक्षात. मला कळलं नाय." त्याने कार्ड पुढे केलं. "पैसे नकोत. तुम्ही फुकट बसा, कायम."

सगुणाबाईंचे हात थांबले. "फुकट नको."

"अहो, पण…"

"फुकट बसलेल्याला कुणीबी ऊठ म्हणतो. पैसे भरले होते म्हणून मला ऊठ म्हणताना तुझी जीभ अडकली. बघितली मी. पैसे घे." त्यांनी कमरेची पिशवी सोडली. "पण दीड हजार नाय देणार. हजार. आन् पोरवाली बाई, आजारी माणूस उभं असलं तर मी उतरीन, मागनं येईन. पण ते मी ठरवणार. तू नाय."

"बरं."

"मोठ्यानं बोल."

"बरं, मावशी!"

माधुरीने आतून हसू दाबलं. दत्तारामने हजार रुपये घेतले आणि दोन्ही हातांनी कपाळाला लावले. बोहनीचे पैसे तो नेहमीच लावायचा, पण आज हात लवकर खाली येईनात.

सगुणाबाई कोपऱ्यात बसल्या, काठी मांडीवर घेतली. रिक्षा सुरू करणार तोच मेहुण्याचा फोन वाजला. दत्तारामने नंबर बघितला आणि मागे बघितलं.

"बोल की," त्या म्हणाल्या. "मला कसली घाई हाय?"

"हां… नाय, नाय येत मी कळंबोलीला… हो, कळतंय मला, पगार जास्ती हाय… दे त्याला, त्या माणसाला दे जागा. त्याचं भलं होऊ दे. आणि ऐक, तू माझ्यासाठी जागा धरून ठेवलीस, ते मी विसरणार नाय."

पलीकडून मेहुणा बराच वेळ ओरडत होता. दत्ताराम ऐकून घेत होता, कारण ओरडण्यातही माया होती.

दासगावला उतारू नव्हता तरी त्याने घरापुढे रिक्षा थांबवली. मंजुळा अंगणवाडीला निघाली होती, पिशवी काखेत. तिने आधी कोपऱ्यातल्या सगुणाबाईंना बघितलं, मग नवऱ्याकडे.

"कळंबोलीला नाय म्हणून सांगितलं," तो म्हणाला.

मंजुळा परत आत गेली, सकाळचा उरलेला चहा गरम करून आणला आणि पहिला कप सगुणाबाईंच्या हातात दिला. मग कुलूप लावत, पाठमोरीच, तिने विचारलं, "संध्याकाळी जेवायला कधी येताय?"

"अगं, रोजच्याच वेळेला. रोज येतोच की."

"माहितीय. तरी आजपासून रोज विचारणार."