हळदीची गिटार

काळ गेला की राग निवतो म्हणतात. म्हणणाऱ्यांचा निवत असेल. माझा अजून चुलीवर आहे आणि खाली जाळही मीच घालतो.

नव्वदीच्या सुरुवातीला मी सांगलीतल्या एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. ऑर्केस्ट्राच्या मालकाला सगळे मास्तर म्हणत. अंगात पांढराशुभ्र सफारी, डाव्या तळहातावर तंबाखू आणि उजव्या अंगठ्याने सतत चुना मळणं चाललेलं. बोलतानाही मळत, हिशेब करतानाही मळत. गिटार त्यांच्या मालकीची होती, वाजवणारा मी.

कवठे महांकाळला एका लग्नाच्या कार्यक्रमात मध्यंतर झालं आणि मास्तर स्टेजवर आले. त्यांनी माझ्या खांद्यावरचा पट्टा काढला आणि गिटार आपल्या मेहुण्याच्या गळ्यात अडकवली. मेहुण्याला वाजवता येत नव्हतं, पण त्याच्याकडे चमचमतं जाकीट होतं. मी विचारलं, "मास्तर, माझं काय चुकलं?"

"चुकलं काय न्हाई. गिटार आमची हाय, बोटं तुझी. बोटं घिऊन घरी जा."

समोरचा माईक चालू होता. अख्खा मांडव हसला. वऱ्हाडातली एक म्हातारी तर पदर तोंडाला लावून हसली, ती मला अजून दिसते. परत येताना मी टेम्पोत स्पीकरच्या खोक्यांवर बसलो होतो आणि तिथेच ठरवलं की गिटार करायची. आपल्या हाताने, आपल्या घरात. आणि ती गळ्यात घालून या माणसाचं नाक चारचौघांत कापायचं. संगीताची ओढ वगैरे नंतर लोकांना सांगायला ठीक आहे. मला सूड हवा होता.

मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत एका दुकानाच्या कोपऱ्यात मोडक्या गिटारीची दांडी पडलेली होती, खुंट्यांसकट. ती मागून आणली. तारांचा आवाज पकडणारा चुंबकाचा तुकडा, ज्याला पिकअप म्हणतात, तो रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मित्राने बारीक तांब्याची तार गुंडाळून करून दिला. राहिलं धड. आमच्या घरापुढेच वडिलांचं हळद-मिरचीचं कांडप होतं. तिथे पोती ठेवायची एक सागवानी फळी होती, चांगली जाड. वडील जेवायला बसले तेव्हा मी ती काढली. त्यांना कळलं तेव्हा तिच्यावर पेन्सिलीने आकार काढून झाला होता.

"फळीचा पाट करतोस का पाळणा?" आईने विचारलं.

"मास्तरांची तिरडी करतोय," मी म्हणालो. तिने पाठीत धपाटा घातला, पण करवत धरायला तीच आली.

करवतीने आकार कापला, कानशीने कडा घासल्या, पटाशीने दांडी बसायची खाच कोरली. पटाशीवर घाव घालताना मी मास्तरांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचो, त्यामुळे खाच गरजेपेक्षा रुंद झाली. मग सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबून दांडी घट्ट बसवली. सगळी जुळणी झाल्यावर गिटार खांद्यावर घेतली तर मी एका बाजूला कलंडलो. मसाला वाटायचा पाटा बांधून हिंडल्यासारखं वाटत होतं.

रंगाला कुठे जायचं नव्हतं. स्पिरिटमध्ये घरची हळद कालवली आणि चोळचोळ चोळली. लाकूड झळझळीत पिवळं झालं. वरून पॉलिश करायला हवं होतं, पण श्रावणाच्या दमट हवेत ते वाळेना, पांढरं पडायला लागलं. गणपती तोंडावर आले होते. पॉलिश खरवडून काढलं, पुन्हा हळद चोळली आणि तशीच ठेवली. जो हात लावील तो पिवळा व्हायचा. कराडच्या ज्या ऑर्केस्ट्रात मी नव्याने लागलो होतो, तिथली मंडळी मला नवरदेव म्हणायला लागली.

आणि योग बघा, साताऱ्याच्या एका मंडळाने त्याच गणपतीत दोन ऑर्केस्ट्रा समोरासमोर लावले. एका स्टेजवर आम्ही, दुसऱ्यावर मास्तर. दोघांचं सामान शेजारच्या शाळेत ठेवलेलं. दिवस मावळायच्या सुमाराला मी चहाला गेलो आणि परत येऊन पाहिलं, तर माझ्या गिटारीच्या साऱ्या तारा कापलेल्या.

ती उचलून उलटसुलट पाहिली. मग नजर गिटारीच्या खांद्यावर गेली. पिवळ्या लाकडावर एक लालभडक अंगठा उमटला होता. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू असंच करतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल. चुना मळता मळता इथे कुणी अंगठा दाबून गिटार धरली होती, ते मला कुणी सांगायला नको होतं.

पिशवीत जुन्या तारांचा एक संच होता. तो चढवला, स्टेजवर गेलो आणि वाजवायच्या आधी माईक हातात घेतला. "आमचे जुने मास्तर समोर आहेत. आज त्यांनी माझ्या नव्या गिटारीला आशीर्वाद दिलाय. मास्तर, एकदा उजवा हात वर करा की."

मास्तरांना मान घ्यायची हौस मोठी. पब्लिक टाळ्या वाजवतंय म्हटल्यावर त्यांनी हात वर केला. बोटं पिवळीधमक, अंगठा लाल, पांढऱ्या सफारीच्या बाहीवर पिवळे पट्टे. मी गिटार उचलून तिचा खांदा दाखवला आणि कापलेल्या तारांची जुडी दुसऱ्या हातात धरली.

पुढच्या रांगेतल्या बायकांना आधी कळलं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "आवं मास्तर, हळद लागली, आता वरात काढा!" हशा असा उसळला की त्यांच्या ढोलकीवाल्यालाही आवरेना. मास्तर हात खिशात घालून उतरले. मी त्यानंतर काय वाजवलं ते आठवत नाही, पण इतकं सुख मला पुन्हा कधी मिळालेलं नाही.

हळद उन्हाला टिकत नाही. वर्षभरात रंग उडायला लागला, तसा अंगठाही. म्हणून दसऱ्याला सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात तेव्हा मी गिटारीला नवी हळद चोळायचो, अंगठ्याला चुना लावायचो आणि त्याच जागी दाबायचो. कुणी विचारलं की सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायचो. सांगली-साताऱ्यात ती इतकी फिरली की मास्तरांना कार्यक्रमाची सुपारी द्यायला आलेले लोकही आधी त्यांच्या अंगठ्याकडे बघत.

दशक सरता सरता मास्तर एकदा घरी आले. ऑर्केस्ट्रा मोडला होता, सफारी ढगळ झाला होता. तंबाखू डॉक्टरांनी सोडायला लावली होती, तरी अंगठा रिकाम्या तळहातावर फिरत होता. म्हणाले, "लय झालं गड्या. पूस की आता त्यो अंगठा."

"गिटार माझी हाय मास्तर, अंगठा तुमचा. न्या की घरी." हे वाक्य मी कितीतरी वर्षं तयार ठेवलं होतं.

त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि त्या लाल ठशावर आपला अंगठा ठेवला. त्यांचा अंगठा चांगला रुंद, दोन्ही बाजूंनी बाहेर आला. मग माझा हात धरून माझा अंगठा तिथे टेकवला. तो बरोबर बसला.

"ह्यो माझा न्हाई रं," ते म्हणाले, "ह्यो तुझाच हाय."

आईने केलेला चहा पिऊन ते गेले. त्यांना वाटलं असेल की आता मी पुसेन. त्या दसऱ्याला मी हळद चोळली, चुना घेतला, आणि ठसा रुंद यावा म्हणून अंगठा जरा फिरवून दाबला.